बोटीतून दिसतं तेवढं गाव

आमच्या लोखंडी कपाटात, आईच्या शालूच्या खाली, समुद्र ठेवलेला आहे. असं आई सांगते. प्रत्यक्षात चिवड्याच्या रिकाम्या डब्यात दोन हार्ड डिस्क आहेत आणि त्यांत मी गेल्या वीस-बावीस वर्षांत काढलेले किनाऱ्यांचे फोटो. डहाणूपासून कन्याकुमारीपर्यंतचे, शिवाय दीवचे, पुरीचे. कुणी पाहुणा आला की आई कपाटाकडे बोट दाखवून म्हणणार, "हिचो समुद्र थय असा. चाय पिया, मगे दाखवतली." पाहुणा बिचारा चहा पितो आणि काहीतरी काम काढून पळतो.

मी परळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. राहते लालबागला, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, आईबरोबर. वडील गिरणीत होते. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. लग्न मी केलं नाही. का केलं नाही, हा विषय चाळीने वीस वर्षं चघळून चोथा केलेला आहे, तेव्हा इथे नको. सुट्टी लागली की खांद्याला कॅमेरा, पाठीला सॅक, हातात ट्रायपॉड, आणि मी निघाले. लोक देवळं करतात, मी किनारे करते.

निघताना मात्र दर वेळी एकच तमाशा. आई गॅलरीत येऊन कठड्याला धरून उभी राहणार. मी जिना उतरते, खालचं अंगण ओलांडते, गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की आहे तिथे वळते. तोपर्यंत ती जागची हलत नाही. मी कन्याकुमारीला निघालेली असो की साधी शाळेत, तिला सगळं सारखंच. एकदा गॅसवरचं दूध करपून चाळभर वास सुटला, तरी बाई गॅलरीत. तिच्या माहेरची रीत आहे ती. मालवणच्या अलीकडे एका खाडीच्या मुखाशी तिचं गाव. तिथून कुणी बोटीने निघालं की सोडायला आलेल्याने बोट दिसेनाशी होईपर्यंत पाठ फिरवायची नाही.

मला ती नजर पाठीवर जाणवायची आणि डोक्यात तिडीक जायची. बावन्न वर्षांची बाई मी, वर्गातली साठ पोरं सांभाळते, आणि इथे अख्ख्या चाळीसमोर माझी पाठवणी चाललेली. मी कधी वर बघितलं नाही. तसं बघायला काय जात होतं? पण नाही बघितलं, एकदाही नाही.

गेल्या वर्षी आईच्या डोळ्यांचं निघालं. ताटातली कडेची चटणी तिला दिसेना, दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू. बाजूबाजूनं दिसणं मिटत चाललंय, मधलं तेवढं शाबूत आहे; थेंब घालत राहू, पण गेलेलं परत येणार नाही आणि राहिलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही. आई स्टुलावरून उठली. बाहेर आल्यावर म्हणाली, "नळीतसून बघितल्यासारखां दिसता. नळी आणखी बारीक होतली, इतक्याच ना?"

टॅक्सीत तिने मला सांगितलं, "माका माझो गाव बघूचो असा. डोळे जावच्या आधी."

नेणं शक्य नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून जिना उतरायचा म्हणजे दोन माणसं लागतात आणि तासभर बसलं की कळा सुरू होतात. तिलाही ते माहीत होतं. म्हणाली, "तू जगाचे फोटो काढतंस. माझ्या गावाचो एक काढून आण."

हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण खरंच, डिस्कमधल्या त्या ढिगाऱ्यात तिच्या गावाचा एकसुद्धा फोटो नव्हता. पुरीला जाऊन आले आणि आजोळी नाही. का, तर तिथे 'काही नाही' असं मीच ठरवून टाकलेलं. मामा गेले, मामी एकटी असते, रेंज येत नाही, राहायची सोय नाही. च्यायला, आजोळी कसली सोय बघायची असते?

दिवाळीच्या सुट्टीत गेले. चार दिवस राहिले आणि जीव ओतून काम केलं. ओल्या वाळूत उतरलेलं आभाळ, सुरूच्या झाडांमागे बुडणारा सूर्य, खडकावर फुटणारी लाट अशी लांबवून की पाण्याचा धूर व्हावा. एक होडी, एकच, फ्रेमच्या एका कोपऱ्यात. आयुष्यात इतके चांगले फोटो मी काढले नव्हते. परत आल्यावर दादरला जाऊन त्यांतल्या बारांचे मोठे प्रिंट काढले आणि आईच्या मांडीवर ठेवले.

तिने एकेक डोळ्यांजवळ धरून पाहिला. भिंग लावून पाहिला. बारावा झाल्यावर गठ्ठा सारखा केला, कडा जुळवल्या आणि म्हणाली, "फोटो बरे आसत. पण हो आमचो गाव न्हय."

"अगं, तुझ्याच गावचे आहेत. मामीला फोन लावू? विचार तिला."

"असतीत. पण हो असो माझो गाव माका दिसूकच नाय कधी."

मी भडकले. फार बोलले. चार दिवस पहाटे उठून चिखलात उभी होते, तुला किंमत नाही, तुझे डोळे गेले तसं डोकंही चाललंय. हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून गेलं. आई उठून, भिंत चाचपत, मोरीवर भांडी घासायला गेली. ते वाक्य आजही आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

समेट करायला म्हणून रविवारी तिला दादरच्या चौपाटीवर नेलं. शेजारच्या दोघांनी खुर्चीवर बसवून तिला जिना उतरवला, टॅक्सी थेट कट्ट्यापर्यंत नेली. संध्याकाळ होती. समोर सी लिंकच्या तारा, वाळूत क्रिकेट, भेळवाले. आईने समुद्राकडे बघितलं आणि थोड्या वेळाने कट्ट्यावर आडवी सरकून चक्क समुद्राकडे पाठ करून बसली. समोर मग दादर. जुन्या इमारती, नवे टॉवर, नारळाची चार झाडं, सगळ्यांवर तिरपं ऊन.

"अशी बसलंय होतंय मी," ती म्हणाली. "पण उलटी."

मला काहीच कळेना. मग तिने सांगितलं. बावन्न वर्षांत मला हे कधी सांगितलं नव्हतं.

सतरा वर्षांची होती. सातवीची फायनल द्यायची होती. ती पास झाली की गावच्या शाळेत मास्तरीण होता येत होतं, आणि गुरुजी म्हणत होते की ही नक्की होणार. परीक्षेला आठ-दहा दिवस उरले असताना मुंबईहून गिरणीतल्या मुलाचं स्थळ आलं. आजीने होकार देऊन टाकला. पंधरवड्यात लग्न उरकलं आणि नवरा-नवरी मुंबईला निघाली. तेव्हा आगबोट होती. ती किनाऱ्याला लागत नसे. लांब, खोल पाण्यात उभी राहायची, आणि माणसांना पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, बसवून तिच्यापर्यंत न्यायचे. आजी सोडायला वाळूत आली होती. आई तिच्याशी बोलली नाही. पडावात बसली ती किनाऱ्याकडे पाठ करून.

"माका राग इललो आवशीचो," आई म्हणाली. आवस म्हणजे तिची आई, माझी आजी. "खलाशी सांगत होतो, चेडवा, बघ, आवस उभी असा तुझी. मी वळान बघूक नाय. बोटीत चढतानापण नाय."

पुढच्या पावसाळ्यात आजी गेली. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या. पत्र पोचलं तेव्हा बारावं होऊन गेलं होतं. नंतर आई माहेरी गेली ती एसटीने. एसटी डोंगराकडून उतरते, दार येईपर्यंत समुद्र दिसत नाही. बोटीत तिने पुन्हा पाऊल ठेवलं नाही, आणि पुढे बोटीच बंद झाल्या.

"माका तो गाव बघूचो असा, बोटीतसून दिसता तसो," ती म्हणाली. "आणि एक बघून ये. थयसून माणूस दिसता काय?"

"म्हणजे?"

"वाळूत उभां रवलेला माणूस. तितक्या लांबसून दिसता, का नाय दिसत? साठ वर्षां मी मनाक सांगतंय, खय दिसतला तितक्या लांबसून! बघितलंय असतंय तरी दिसली नसती. आता खरां काय तां कळूंदे."

मी तिचा हात धरून बसले. समोर दादरवर ऊन होतं आणि मला दुसरंच काहीतरी सुचत होतं. किनाऱ्याचे फोटो काढणारे आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून उभे राहतो. नेमकं त्याच वेळी, मावळतीच्या उन्हात, पाठीमागचं गाव उजळून निघालेलं असतं. इतकी वर्षं मी त्या गावांकडे पाठ करून फोटो काढत होते. आईवर मी ओरडले होते, आणि बरोबर तीच होती.

नाताळच्या सुट्टीत परत गेले. निघताना आईने बजावलं, "मोठां करून आणू नको. डोळ्याक दिसता तितक्याच." म्हणजे झूम नको. मी लांब पल्ल्याच्या सगळ्या लेन्स घरी ठेवल्या आणि एकच साधी लेन्स घेऊन गेले.

मामी पंचाहत्तरीची. पाठीत वाकलेली, पण तोंड शाबूत. "आवशीक फोटो व्हयो आणि तू इतक्या लांब इलंस? फोनवर काय कमी दिसता?" म्हणत तिने सोलकढी पुढे ठेवली. गावातले एक म्हातारे मच्छीमार होते, त्यांना आगबोट लख्ख आठवत होती. त्यांनी दुपारी साडेतीनला होडी काढली. मामी सोडायला वाळूत आली. मी म्हटलं, मामी, तासाभरात येते, तू घरी जा. "जातंय," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

होडी खाडीतून बाहेर पडली. खडकांची एक रांग ओलांडून म्हाताऱ्याने इंजिन बंद केलं. "हंयसर उभी रवायची बोट," ते म्हणाले. "हंयसर. माझ्या बापाशीन कितीतरी माणसां हंय चढयल्यानी."

मी वळले.

काय सांगू? इतकंसं होतं ते. हिरवी पट्टी, तिच्याखाली वाळूची रेघ, मागे बैलाच्या पाठीसारखा डोंगर. डावीकडे देवळाचं टोक, उजवीकडे आता मोबाईलचा टॉवर. पश्चिमेचं ऊन त्या सगळ्यावर पडलेलं. फोटो म्हणून यात काहीच नव्हतं. पुढे काही नाही, मागे काही नाही, नुसतं पाणी आणि रेघ. माझ्या वर्गातल्या पोराने असं काढून आणलं असतं तर मी म्हटलं असतं, बाळा, यात बघायचं काय? पण सतरा वर्षांची एक मुलगी इथे पाठ करून बसली होती आणि हे सगळं तिच्या पाठीमागून लांब लांब जात होतं. होडी डुलत होती. मी गुडघे टेकून, कोपर फळीला टेकवून, वीस-पंचवीस फोटो काढले.

परतलो तेव्हा दीड तास होऊन गेला होता. मामी त्याच जागी उन्हात उभी. मी तिच्यावर डाफरले, चक्कर आली असती म्हणजे? "बोट दिसता तवसर पाठ फिरवची नाय," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला ट्रायपॉड काढून घेऊन पुढे चालू लागली.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर धूळ बसली की फोटोत बारीक काळे ठिपके उमटतात. आभाळात, पाण्यात, वाळूत, कुठेही. ते पुसून काढणं ही माझी जुनी सवय. भाजी निवडताना बायका बोलत असतात आणि बोटं आपोआप किडकं बाजूला काढत असतात, तसं आहे ते. फोटो कॉम्प्युटरवर उघडला की मी आधी ठिपके पुसते आणि मग फोटो बघते. होडीतल्या फोटोंपैकी एक धारदार आला होता. तो घेतला, आभाळातले चार-पाच ठिपके पुसले, खालचे एक-दोन पुसले, आणि मोठा प्रिंट काढून आणला.

आईने तो हातात घेतला आणि बघता क्षणी म्हणाली, "ह्यो आमचो गाव!"

तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. खळखळून हसली. भिंग घेऊन एकेक गोष्ट सापडवत गेली. हे देऊळ, ही घाटी, इथून आम्ही पाणी आणायचो, हा मेला खांब कुठून आला? मग ती वाळूवर आली. भिंग डावीकडून उजवीकडे, बोट त्याच्या खालून, सावकाश. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. परत उलट.

"वहिनी नाय इली सोडूक?"

"आली होती की. शेवटपर्यंत उभी होती वेडी, उन्हात."

"मगे खय असा?"

मी वाकून बघितलं. वाळू स्वच्छ होती. "एवढ्या लांबून कुठे दिसणार आई," मी म्हटलं. अगदी ठामपणे म्हटलं, जाणकाराच्या आवाजात.

"म्हणजे माणूस दिसणा नाय थयसून."

"नाही दिसत."

"बरां झालां," आई म्हणाली आणि भिंग डबीत ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला. साठ वर्षांचं ओझं उतरलं बाईचं, असं मला वाटलं, आणि ते आपण उतरवलं म्हणून मी जरा खूषही झाले. म्हटलं, फ्रेम करून लावूया?

"नको. रिकामो किनारो कित्याक लावूचो?"

तिने प्रिंट कॅलेंडरच्या मागे सरकवून दिला. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी जिना उतरले, अंगण ओलांडलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चप्पल बघितली, डबा चाचपला. चक्कीपाशी कळलं, पाठीवर काही नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा वळून वर बघितलं. गॅलरीत टॉवेल वाळत होते. आई नव्हती.

दुसऱ्या दिवशीही नव्हती. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच, काय गं, पाय दुखतोय का? ती तांदूळ निवडत होती. "तितक्या लांबसून कोण कोणाक दिसता," ती म्हणाली, "उगाच उभां रवायचां."

मी शाळेत गेले, पण लक्ष लागेना. ज्या गोष्टीने मला वर्षानुवर्षं वैताग दिला तीच आता नाही म्हणून माझा जीव खालीवर होत होता. हसू येईल कुणालाही. मला रडू येत होतं.

त्या शनिवारी मामीला पाठवायला म्हणून मी तोच फोटो लहान करायला घेतला. चुकून मूळ फाइल उघडली, न पुसलेली. आभाळात ते चार-पाच ठिपके होते. आणि खाली वाळूच्या रेघेवर, देवळाच्या टोकाच्या बरोबर खाली, एक ठिपका. मी मोठा केला. धुळीचा ठिपका गोल असतो, कडेला पुसट. हा उभा होता. हिरव्या लुगड्यातला, पाठीत वाकलेला, हात कपाळावर आडवा धरून माझ्याकडे बघत असलेला ठिपका.

दीड तास उन्हात उभी राहिलेली मामी मी नखाएवढा कचरा म्हणून पुसून टाकली होती, आणि वर आईला ठणकावून सांगितलं होतं की माणूस दिसत नाही.

आता काय करायचं? सांगितलं नाही तर तिला सुटका होती. दिसतच नाही म्हटल्यावर तिने बघितलं काय, न बघितलं काय, सारखंच. सांगितलं तर? सांगितलं तर आजी त्या दिवशी दिसत होती, आणि ही बघत नव्हती, हे तिला उरलेले दिवस घेऊन बसावं लागणार. मी दोन तास त्या ठिपक्यासमोर बसून होते. चहाचा कप गार झाला. शेवटी कॅलेंडरकडे लक्ष गेलं. 'खरां काय तां कळूंदे' असं ती म्हणाली होती. तिने सुटका मागितली नव्हती, ती मीच परस्पर तिला देऊन बसले होते.

संध्याकाळी नवा प्रिंट आणला. आई खाटेवर बसली होती. मी तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि म्हटलं, "आई, माझी चूक झाली. मी धूळ समजून पुसलं." तिला काही कळलं नाही. मी भिंग तिच्या हातात दिलं आणि तिचं बोट धरून देवळाच्या टोकाखाली ठेवलं.

ती बघत राहिली. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"वहिनी ही," आई म्हणाली.

"हो."

"हात वर असा तिचो."

"ऊन डोळ्यांवर येत होतं ना."

"दिसता गो," ती म्हणाली. "चांगली दिसता. आवसपण अशीच दिसली असती." आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा वाकडा झाला. मी उठून तिला धरलं. मीही रडत होते. सॉरी आई, सॉरी, एवढंच म्हणत होते, आणि ते नेमकं कशाबद्दल ते मलाही सांगता आलं नसतं. तिने मला बाजूला केलं, पदराने डोळे पुसले, चष्मा पुसला, भिंगसुद्धा पुसलं आणि परत फोटोवर वाकली. या वेळी आणखी जवळ.

"साठ वर्षां उशीर झालो," ती म्हणाली. "पण आता बघलंय."

तो प्रिंट फ्रेम होऊन देवाच्या शेजारी लागला. बाकीचा समुद्र कपाटातच आहे.

सोमवारी मी शाळेला निघाले. जिना उतरले, अंगण ओलांडलं, आणि पाठीवर ती नजर आली ते जाणवलं. चक्कीपाशी थांबून वळले. दुसऱ्या मजल्यावर, टॉवेलांच्या मधे, आई कठडा धरून उभी होती. पण ती बघत होती ते भलतीकडेच, चक्कीच्या अलीकडच्या खांबाकडे. तिच्या बारीक झालेल्या नळीत आता तेवढ्या लांबचं माणूस सापडत नाही. मी कुठे आहे ते तिला दिसत नव्हतं. दिसत नसताना ती उभी होती.

"आई!" मी ओरडले. चक्कीवाल्याने दचकून बघितलं. पहिल्या मजल्यावरच्या दोन बायका कठड्यावर आल्या. मी म्हटलं, येऊ देत. "आई, दिसतेस गं!"

तिने हात वर केला, त्या खांबाच्या दिशेने. मी चार पावलं सरकले आणि त्या हाताच्या समोर जाऊन उभी राहिले.